ऑइल बदलले तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा झटका परत येतो: घरी काय तपासावे, कसे बदलावे

सकाळी गाडी सुरू करून गिअर रिव्हर्सला टाकला की दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग एकदम धक्का देऊन गाडी मागे सरकते. नाशिकमध्ये द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या कोंडीत बराच वेळ रखडल्यावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन उगाच गुरगुरते. पन्नास-साठच्या वेगाला पाय हलका ठेवला की सगळी गाडी थरथरते. दहा-पंधरा वर्षे जुनी ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी आहेत. त्यांवर गिअरबॉक्सचे ऑइल बदलण्याचा सल्ला मिळतो, तो बहुधा योग्यही असतो, आणि ऑइल बदलल्यावर गाडी काही दिवस सुधारतेही. महिना-दीड महिन्यात तेच लक्षण परत आले तर काय तपासायचे, हा इथला विषय आहे. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक गाड्यांत नव्या ऑइलच्या दर्जाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते. ते किती भरले आणि कसे मोजले, तिथेच गडबड होती.

गाडी कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे, हे मात्र आधी पक्के करावे. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरियोपासून सुरू झालेल्या एएमटी गाड्यांत मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्रणा करते. त्यांत साधे गिअर ऑइल असते आणि पुढचे जवळजवळ काहीच त्यांना लागू पडत नाही. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली यांची पकड सांभाळणारे स्वतंत्र ऑइल लागते. त्यात साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नेहमीचे ऑइल) ओतले तर पट्टा घसरून मोठा खर्च उभा राहतो. ड्युअल क्लचची तऱ्हा आणखी वेगळी. इथे लिहिले आहे ते चार, पाच किंवा सहा गिअरच्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची फिरकी ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेल्या जुन्या पद्धतीच्या गिअरबॉक्सबद्दल.

या गिअरबॉक्समधले ऑइल वंगणाचे आणि थंड ठेवण्याचे काम करतेच, पण आतले क्लचही त्याच्याच दाबावर दाबले जातात. इंजिनबरोबर फिरणारा पंप तळातून ऑइल ओढतो, व्हॉल्व्ह बॉडी त्याला वाट करून देते, आणि जो गिअर लागायचा आहे त्याच्या क्लचच्या पिस्टनमागे ते जाऊन भरते. ऑइल कमी असेल, तर चढावर किंवा वळणावर ते एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ऑइल जास्त असेल, तर फिरणारे भाग त्यात बुडून ते घुसळतात आणि फेस होतो. दोन्ही प्रकारांत पिस्टनमागे हवा मिसळलेले ऑइल पोहोचते, ती हवा आधी आवळली जाते, आणि क्लचवर पुरेसा दाब येईपर्यंत वेळ जातो. गाडीत बसलेल्याला जाणवणारे लक्षण एकच, कारणे मात्र अगदी उलटी. गिअर उशिरा लागतो म्हणजे ऑइल कमीच असणार, असे गृहीत धरून वरून आणखी पाव लिटर ओतणारे लोक मूळचे जास्त झालेले ऑइल आणखी वाढवतात, आणि तक्रार ‘गिअरबॉक्सच गेला’ इथपर्यंत पोहोचते.

गेज, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, पाहण्याची पद्धत कंपनीगणिक बदलते, हे या घोळाचे सगळ्यात मोठे कारण आहे. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन पूर्ण गरम करून, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत गेज काढून पाहायचे असते. ह्युंदाईच्या आय-टेनसारख्या चार गिअरच्या गाड्यांत इंजिन चालूच ठेवावे लागते. ब्रेक दाबून गिअर सर्व खाचांमधून एकदा फिरवायचा, न्यूट्रलला आणायचा, आणि ऑइल ७०-८० अंश सेल्सिअसला आल्यावर गेज पाहायचे. गेजपट्टी असलेल्या टोयोटाच्या जुन्या गाड्यांतही इंजिन चालू ठेवतात, पण गिअर पार्कमध्ये असतो. काही नंतरच्या गाड्यांत गेजच नसते. ठरलेल्या तापमानाला पातळीचा बोल्ट काढून जादा ऑइल वाहून जाऊ द्यायचे असते. अशा गाडीचे काम तापमान दाखवणाऱ्या स्कॅनरशिवाय घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पद्धत चुकली तर काय होते ते पाहा. इंजिन चालू असते तेव्हा कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्या भरलेल्या असतात, त्यामुळे तळाची पातळी खाली जाते. इंजिन बंद केले की यातले ऑइल हळूहळू खाली उतरते आणि पातळी वर येते. म्हणून इंजिन बंद करून पाहायची गाडी चालू इंजिनावर पाहिली, तर ऑइल कमी दिसते आणि आपण जास्त भरतो. चालू इंजिनावर पाहायची गाडी बंद करून पाहिली, तर ऑइल भरपूर दिसते आणि प्रत्यक्षात ते कमी राहते. त्यात तापमानाचा फरक मिसळतो. सहा लिटर ऑइल २५ अंशांवरून ८० अंशांवर गेले की प्रसरणाने साधारण पाव लिटरने वाढते. निफाडकडून गारठा येतो अशा जानेवारीतल्या सकाळी गेज पाहून ‘गरम’ खुणेपर्यंत ऑइल भरणारा माणूस दुपारी गाडी तापल्यावर त्या खुणेच्या बराच वर गेलेला असतो.

गंगापूर रोडला राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची २०१० च्या सुमाराची सेडान हे याचे नमुनेदार उदाहरण. वणीच्या गडावर जाताना नांदुरीचा घाट चढून गाडी वर पार्किंगला लावताना रिव्हर्स लागायला वेळ घ्यायची. सकाळी मात्र तीच गाडी निमूट चालायची. ऑइल गॅरेजमध्ये बदलले होते आणि तक्रार परत आल्यावर तिथेच वरून थोडे घातलेही होते. “साहेब, गेज बघूनच टाकलंय,” असे त्यांना सांगितले गेले, आणि ते खरेही होते. फक्त त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन बंद करून पाहायला सांगितले होते आणि तिथे चालू इंजिनावर पाहिले गेले होते. गाडी फिरवून आणून आम्ही मॅन्युअलप्रमाणे गेज काढले तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते आणि पट्टीवर बारीक बुडबुडे चिकटलेले होते. मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी गेजच्या भोकातून आत सोडून जवळजवळ अर्धा लिटर ऑइल काढले. नवे काहीच घातले नाही. पुढच्या घाटाला रिव्हर्स लगेच लागला. गेजवरचे बुडबुडे ही अशी खूण आहे की ती दिसली तर बाकीची सर्व तपासणी बाजूला ठेवून आधी पातळी दुरुस्त करावी.

पातळी बरोबर निघाली, किंवा ऑइल मुळातच जुने झालेले असेल, तरच बदलण्याकडे वळावे. त्याआधी गेजवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. बहुतेक एटीएफ नवे असताना लाल असते. वापराने ते तपकिरी होते आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. काळे, करपट वासाचे ऑइल म्हणजे क्लचच्या चकत्या जळू लागल्या आहेत. गुलाबी आणि दुधाळ ऑइल दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे असे समजावे आणि गाडी ढकलत का होईना, पण सुरू न करता हलवावी, कारण कूलंटने क्लचच्या चकत्यांचे अस्तर सुटते. गिअर टाकताना बसणारा धक्का पुष्कळदा इंजिनच्या फाटलेल्या माउंटिंगचाही असतो. बॉनेट उघडून, ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट लावून, दुसऱ्या माणसाने गिअर डी आणि आर असा बदलला की इंजिन किती उसळते ते बाजूला उभे राहून दिसते. गाडीत दिवा लागत असेल तर स्कॅनर लावून पी०७ ने सुरू होणारे कोड वाचून घ्यावेत. त्यांतला पी०७४० कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचच्या सर्किटकडे बोट दाखवतो, आणि ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीचा संबंध बहुधा त्याच क्लचशी असतो.

उशीर किती झाला तर त्याला दोष म्हणायचे, याचेही माप आहे. टोयोटाच्या वर्कशॉप मॅन्युअलांमध्ये गरम गाडीत, ब्रेक दाबून, न्यूट्रलवरून डी लागायला १.२ सेकंद आणि आर लागायला १.५ सेकंद ही कमाल मर्यादा दिलेली असते. मध्ये एकेक मिनिट थांबून तीनदा मोजायचे आणि सरासरी काढायची. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे सहज जमते. दुसऱ्या गाड्यांसाठीही ढोबळ अंदाज म्हणून हा आकडा उपयोगी पडतो, आणि ऑइल बदलण्याआधी आणि नंतर मोजून ठेवला तर ‘फरक पडल्यासारखा वाटतो’ यावर विसंबावे लागत नाही.

ऑइल कोणते, याबाबत तडजोड नसावी. होंडाच्या जुन्या गाड्यांसाठी पूर्वी झेड-१ होते, त्याची जागा कंपनीने डीडब्ल्यू-१ ला दिली. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांना एसपी-३ लागते आणि पुढच्या सहा गिअरच्या गाड्यांना एसपी-४. ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टोयोटाचे टी-४ आणि डब्ल्यूएस यांच्या पातळपणातही फरक आहे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ‘एटीएफ’ मागितले की पॉवर स्टिअरिंगसाठी ठेवलेला डेक्स्रॉनचा डबा पुढे येतो. डेक्स्रॉन-३ चे परवाने देणे जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले, तरी डब्यांवर ते नाव अजून छापलेले असते, आणि त्याच्यामागे नेमका कोणता दर्जा आहे हे तपासणारे आता कोणी नाही. पॉवर स्टिअरिंगला ते चालून जाईल. गिअरबॉक्ससाठी मॅन्युअलमध्ये छापलेले नाव डब्यावर असेल तेच घ्यावे.

आता प्रत्यक्ष काम. नव्या सोसायट्यांच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते, आणि डोळ्यांना ती सपाट दिसते. गवंड्याची पाणसळ फरशीवर आडवी-उभी ठेवून जागा निवडावी, कारण एवढासा उतारही गेजवर खोटी पातळी दाखवतो. गाडी उचलायची असल्यास जॅक फक्त उचलण्यापुरता वापरावा आणि भार लोखंडी स्टँडवर द्यावा; विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावून गाडीखाली कोणीही जाऊ नये. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. ऑइल कोमट असावे, म्हणजे गाडी दहा मिनिटे चालवलेली असावी. घाटातून आल्या आल्या बोल्ट काढला तर हात भाजेल.

बोल्ट काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ऑइल भरण्याची जागा, मग ती गेजची नळी असो वा वेगळा बोल्ट, आधी मोकळी करून पाहावी. खालचे ऑइल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलेला आढळला तर गाडी जागेवरच अडकते. आणि आपण पकडलेला बोल्ट गिअरबॉक्सचाच आहे ना, याची मॅन्युअलमधल्या चित्रावरून खात्री करावी. इंजिनचा समजून गिअरबॉक्स रिकामा करणे आणि मग इंजिनमध्ये दुप्पट ऑइल ओतणे हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

बोल्टच्या आतल्या टोकाला बहुधा चुंबक असते. त्याच्यावर जमलेला राखाडी लेप बोटांत चोळून पाहावा. काजळासारखा मऊ लागला तर ती क्लच आणि गिअरांची नेहमीची झीज आहे, पुसून टाकावी. टोचणारे कण किंवा पत्र्याचे चकचकीत तुकडे हाताला लागले, तर घरचे काम तिथेच थांबवावे आणि ते तुकडे एका पुडीत जपून ठेवावेत. वॉशर नवा घालावा आणि बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळावा. गिअरबॉक्सचे आवरण अॅल्युमिनियमचे असते, आणि जोर लावून आटे गेले की साध्या कामाचे वेल्डिंग होऊन बसते. टॉर्क रेंच प्रत्येकाकडे नसतो, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा एखादा शेजारी नाशिकमध्ये सहसा सापडतोच. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नये. त्याचा एखादा धागा व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसला तर शोधून सापडत नाही.

निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात घेऊन निवू द्यावे आणि मगच त्याचा आकडा लिहून ठेवावा. तेवढेच नवे ऑइल अरुंद तोंडाच्या, लांब नळीच्या नरसाळ्याने, घाई न करता भरावे. अर्थात निघाले तेवढे भरले म्हणजे पातळी बरोबर झाली, असे नाही: आधीची पातळीच चुकलेली असेल तर आपण तीच चूक नव्या ऑइलने जशीच्या तशी परत भरतो. हा आकडा फक्त सुरुवातीपुरता. त्यानंतर इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, गिअर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद ठेवत फिरवावा, गाडी चालवून गरम करावी आणि आपल्या कंपनीच्या पद्धतीने गेज पाहावे. नुकतेच भरलेले ऑइल नळीच्या भिंतींना लागलेले असते आणि बाहेर येताना पट्टीची एक बाजू वरपर्यंत ओली करते. म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, खालची पातळी खरी धरावी, आणि शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून पाहावे.

पातळी अचूक असूनही थरथर परत आली, तर दुसरे कारण बहुधा उरलेल्या जुन्या ऑइलचे असते. खालचा बोल्ट काढल्यावर फक्त तळातले ऑइल येते; कन्व्हर्टर आणि कूलरमधले आतच राहते. एकूण सहा लिटरपैकी अडीच लिटर बाहेर येत असेल, तर पहिल्या वेळी सुमारे ५८ टक्के जुने ऑइल तसेच राहते, दुसऱ्या वेळेनंतर ३४ टक्के आणि तिसऱ्या वेळेनंतर २० टक्के. म्हणून मध्ये दोनेकशे किलोमीटर गाडी चालवून, तीन वेळा थोडे-थोडे बदलणे ही घरी करण्यासारखी सर्वांत सुरक्षित रीत आहे. ऑइल जास्त लागते खरे, पण मशीन लावून एकदम फ्लश करण्यापेक्षा जुन्या गिअरबॉक्सला हे मानवते, असे माझे मत आहे. तळाला उघडता येणारा पॅन असेल तर त्यातला फिल्टर आणि गॅस्केट पहिल्याच वेळी बदलावे. काही गाड्यांत फिल्टर आवरणाच्या आत असतो आणि गिअरबॉक्स खोलल्याशिवाय तो हाती लागत नाही.

‘जुन्या गाडीचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. ज्या गिअरबॉक्सच्या चकत्या आधीच जळून संपल्या आहेत तो ऑइल बदलल्यानंतर बसतो, तसा न बदलताही बसलाच असता. लोक ऑइल बदलायला आणतात तेच मुळी लक्षणे दिसू लागल्यावर. करपट वास नसेल आणि गाडी घसरत नसेल, तर या भीतीने बदल टाळू नये. खडतर वापरासाठी अनेक मॅन्युअलांत ४०,००० ते ६०,००० किलोमीटरच्या दरम्यानची मुदत दिलेली असते, आणि उन्हाळ्यातली शहरातली कोंडी अधिक कसारा घाट हा वापर खडतरच धरावा.

जुने ऑइल मातीत किंवा गटारात ओतू नये. नाशिकची गटारे आणि नाले नासर्डी-वाघाडीमार्गे गोदावरीलाच मिळतात. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. कॅनमध्ये भरून, ते गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. कूलंट किंवा पेट्रोल त्यात मिसळू नये.

नेमून दिलेले ऑइल, अचूक पातळी आणि तीनदा बदल इतके होऊनही उशीर कायम असेल, तर दोष ऑइलच्या पलीकडचा आहे. फक्त सकाळच्या पहिल्या गिअरलाच उशीर होत असेल आणि नंतर दिवसभर काही नसेल, तर रात्रीत कन्व्हर्टरमधले ऑइल खाली उतरते किंवा आतली रबरी सीले कडक झाली आहेत. ते लगेच बिघडणारे नाही आणि पुष्कळ जण इंजिन अर्धा मिनिट चालू ठेवून गिअर टाकतात आणि वर्षानुवर्षे निभावतात. गाडी गरम असताना उशीर होत असेल किंवा इंजिनचे आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर लाइन प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणाऱ्या ऑइलचा दाब, मोजणे ही पुढची पायरी आहे, आणि त्यासाठी प्रेशर गेज असलेला ऑटोमॅटिकचाच मिस्त्री लागतो. त्याच्याकडे जाताना किती ऑइल निघाले, किती भरले, कोणते भरले, चुंबकावर काय होते आणि डी-आर लागायला किती सेकंद लागतात, हे सर्व कागदावर लिहून न्यावे. गिअरबॉक्स उतरवण्याआधी सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारे-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्ह बॉडी तपासायची की नाही, हे तो त्यावरून ठरवू शकेल.